दुपटी, लंगोट आणि आमचा नातू

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेलं भाषण)



वर्धापनदिनाला चार शब्द बोला, असा निरोप आला तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं. मी काही शिकलेली वक्ती नव्हे. शिवाय विषय कोणता घ्यावा? मागे एकदा इथे आहारावर बोलणं झालं, बचतीवर झालं, मुलींच्या शिक्षणावर तर दरवर्षी होतं. शेवटी सूनबाईच म्हणाली, "आई, तुम्ही परातीची गोष्ट सांगा." मी म्हटलं, अगं, सभेत का कुणी लेकराच्या लघवीवर बोलतं? तर ती म्हणाली, "घरोघर बायका रात्री दोन-दोनदा उठून तेच निस्तरत असतात, मग सभेत बोलायला काय हरकत आहे?" तेव्हा आजचा विषय तिच्या आग्रहाचा आहे, नावं ठेवायची असतील तर दोघींना मिळून ठेवा.

आपल्या वेळेची आठवण काढते. आमच्या घरात लेकरू झालं की सासूबाई ट्रंकेतून जुनी धोतरं आणि जुनी लुगडी काढत. शंभर वेळा धुतलेलं ते कापड; हाताला लोण्यासारखं लागे. धोतराचे लंगोट, लुगड्याची दुपटी आणि उरलेल्या तुकड्यांची गोधडी. पाळण्याच्या तळाशी घोंगडीचा तुकडा असे. रांगतं लेकरू दिवसभर उघडंच फिरे. जमीन शेणाने सारवलेली, ओली झाली तर जिरून जाई, दुसऱ्या दिवशी पुन्हा सारवण. आणि झोपेतून उठलं, की आजी त्याला दोन पायांवर बसवून तोंडाने 'शूऽऽ' करी. लेकरूही गुणाचं, आवाज ओळखून मोकळं होई. हे काही फक्त आपल्याकडचं नाही. जगात पुष्कळ ठिकाणी बायका असंच करत आल्या आहेत.

आता जमिनीला फरशी आली, खाटेवर गादी आली, आणि ट्रंकेतली धोतरं गेली. आमच्या यजमानांनीच पायजमा घालायला लागून कित्येक वर्षं झाली. आपल्या साड्या पाहा. निम्म्याहून जास्त कृत्रिम धाग्याच्या. आपण वऱ्हाडातल्या बायका, दाराशी पांढऱ्या सोन्याचं पीक. पण लेकराच्या अंगाखाली घालायला घरात धड सुती फडकं निघत नाही! हे मला नातवाच्या वेळी कळलं, आणि तेही फार उशिरा.

आमची सूनबाई शाळेत शिक्षिका आहे. पहिलं वर्षभर तिने बाजारचे डायपर वापरले. उन्हाळा आला तशी नातवाच्या जांघा लाल होऊ लागल्या, आणि एकेका डायपरला दहा-पंधरा रुपये. महिन्याच्या हिशेबाने ती दचकली. मग म्हणाली, "आई, आपण कापडाचे बांधू या." मला काय, आनंदच झाला. 'शेवटी जुनं तेच बरं' असं मी चार जणींना सांगूनही आले. पण आमचा नातू वेगळाच निघाला. पावणेदोन वर्षांचं पोर, एका रात्रीत लंगोट, दुपटं, चादर, गादी सगळं भिजवी. रात्रीतून तीन-तीनदा बदलावं लागे. सूनबाई झोपेत चालत शाळेला जाई. दोरीवर आमच्याकडे इतकं धुणं असे की शेजारची एक जण कुंपणावरून म्हणाली, "अवो काकू, तुमच्या पोट्ट्याच्या पोटात इहीर हाय का काय?"

मी हसले, पण ते मनाला लागलं. आणि मग मी जे केलं ते सांगायला आजही जड जातं. तरी सांगते, कारण इथे बसलेल्यांपैकी कुणीतरी आजही तेच करत असेल. मी त्याचं पाणी तोडलं. दिवे लागले की पाणी नाही, दूध अर्धं. सूनबाईला सांगितलंसुद्धा नाही. दिवसभर तो माझ्याजवळच असे, तेव्हा हळूहळू दिवसाचंही पाणी आखडलं. महिना वैशाखाचा, आपल्याकडचा वैशाख तुम्हाला ठाऊक आहे. चार-पाच दिवसांत लंगोट खरोखरच कमी भिजू लागले आणि मी मनात खूष! पण पोर किरकिरं झालं, ओठ सुकले, लघवी गडद पिवळी आणि तिला उग्र वास, लघवी करताना रडू लागलं. पाचव्या दिवशी अंग तापलं, तेव्हा मुलाने गाडी काढली आणि आम्ही डॉक्टरांकडे गेलो.

डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न केला, "पाणी किती पितो?" सूनबाई म्हणाली, पुष्कळ पितो. मी खाली मान घातली. मग सांगितलं सगळं. सूनबाई माझ्याकडे पाहत राहिली. बोलली काही नाही. ती बोलली असती तर बरं झालं असतं.

डॉक्टर मात्र रागावले नाहीत. त्यांनी समजावलं की, लेकराचं पाणी तोडून लघवी थांबवायची नसते. उन्हाळ्यात तर नाहीच. लघवी घट्ट झाली की आग होते, लेकरू दाबून धरतं, आणि त्यातून आजार वाढतो. दोन वर्षांच्या मुलाच्या मूत्राशयात साधारण १२० मिलिलीटर लघवी मावते. वयाच्या आकड्यात दोन मिळवायचे आणि तीसने गुणायचं, असा त्यांचा ठोकताळा असतो. म्हणजे एका वेळेला चहाचा एक कप झाला. असे रात्रीतून दोन-तीन कप आले तर त्यात नवल ते काय?

पण त्यांनी दुसरी एक गोष्ट विचारली, ती सगळ्यांनी नीट ऐका. लेकरू एकाएकी फार पाणी मागायला लागलं आहे का? रात्री उठून मागतं का? खाऊन-पिऊन वजन उतरत आहे का? मलूल दिसतं का? लघवीला मुंग्या लागतात का? असं असेल तर दुपटी बदलत बसू नये, त्याच दिवशी दवाखान्यात जावं आणि साखर तपासून घ्यावी. लहान मुलांनाही मधुमेह होतो, अगदी दोन वर्षांच्यालासुद्धा, आणि पुष्कळदा पहिली खूण हीच असते, की लंगोट एकदम जड येऊ लागतात. मोठ्यांसारखा तो वर्षानुवर्षं दबून राहत नाही. थोड्या दिवसांत जिवावर बेततं. आमच्या नातवाची साखर तपासली, ती नीट निघाली. पाणी सुरू झालं, औषध झालं, पोर चार दिवसांत पूर्ववत हुंदडू लागलं. आणि लंगोटही पूर्ववत!

आता परातीची गोष्ट. एका रविवारी सूनबाई म्हणाली, "आई, पोराचा दोष नाही, कापडाची परीक्षा घेऊ या." ओसरीत तिने परात मांडली. एका बाजूला माझ्या जुन्या साडीचं आठपदरी दुपटं, दुसऱ्या बाजूला मी मोठ्या अभिमानाने शोधून आणलेल्या धोतराचा लंगोट, आणि मधे टर्किश टॉवेलचा तुकडा. प्रत्येकावर चहाचा एकेक कप पाणी. टॉवेलने बघता बघता पिऊन टाकलं. साडीवरून पाणी घसरलं आणि थेट परातीत. कृत्रिम धाग्याला पाणी पिताच येत नाही, हे तेव्हा डोळ्यांनी पाहिलं. ते अपेक्षितच होतं म्हणा. पण धोतर! माझं शुद्ध सुती, पन्नास धुण्यांचं धोतर! त्यावर पाणी मोत्यांसारखं उभं राहिलं. अळवाच्या पानावर राहतं ना, अगदी तसं.

सूनबाईने तो लंगोट उचलून नाकाशी नेला आणि माझ्याकडे पाहून हसली. "आई, खोबरेल."

काय झालं होतं सांगते. मी रोज नातवाला तेल चोळून न्हाऊ घालायची. जांघा लाल म्हणून तिथे पुन्हा वरून तेलाचा हात, आणि लगेच लंगोट. ते तेल रोज कापडात मुरत होतं. वर माझी सवय साबण भरपूर लावायची आणि पाणी बेताचं वापरायची. आपलं बोअरचं पाणी जड. त्यात साबणाचा फेस होत नाही, चोथा होतो, आणि तो धाग्यात बसून राहतो. तेल आणि साबणाचा चोथा मिळून कापडाला जणू मेण चढलं होतं. पोर भिजवत होतं ते खरं. पण कापड काही पीतच नव्हतं, सगळं मांडीवरून गादीत. आणि मी त्या जिवाचं पाणी तोडलं होतं!

त्या दिवशी सगळे सुती लंगोट गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून भिजवले, चोळले, आणि फेस संपेपर्यंत साध्या पाण्यातून काढले. वाळल्यावर पुन्हा परात, पुन्हा कप. पाणी टाकताक्षणी आत. तेव्हापासून आमच्याकडे नियम झाला, तेलाचं चोळणं आंघोळीआधी, आंघोळीत ते नीट उतरवायचं, आणि अंग टिपून कोरडं झाल्यावरच लंगोट. कातडी लाल असेल तर झिंक ऑक्साइडचं मलम पातळ लावायचं आणि मधे एक जुनं फडकं घालायचं, म्हणजे मलम लंगोटात उतरत नाही. पावडर आम्ही बंदच केली. ती उडून लेकराच्या नाकात जाते. नवं कापड आणलं तर तेही लगेच पीत नाही, कपाशीच्या धाग्यावर मूळचं मेण असतं आणि गिरणीची खळ असते. पाच-सहा वेळा गरम पाण्याने धुतल्यावर ते कामाला येतं. आणि कपडे मऊ करायचं ते सुवासिक औषध मिळतं ना, ते लेकराच्या कपड्यांना लावू नका. त्यानेही हेच होतं.

मग बांधणी. आमच्या मुलाच्या किराणा दुकानात वजनाचा काटा आहे. सूनबाईने रात्री कोरडा लंगोट तोलला, १८० ग्रॅम. पहाटे भिजलेला तोलला, ४९० ग्रॅम. म्हणजे तीनशे ग्रॅमहून जास्त पाणी. एक मिलिलीटर म्हणजे साधारण एक ग्रॅम, तेव्हा हिशेब सोपा. किती पदर हवेत ते मग अंदाजाने ठरवावं लागत नाही. तुम्हीही एकदा तोलून पाहा. घरातली निम्मी भांडणं काटाच मिटवतो.

आमची रात्रीची रचना अशी. पाऊण वार लांब आणि तितकंच रुंद सुती कापड, ते बाहेरच्या घडीला. त्याच्या आत धोतराच्या कापडाची आठपदरी पट्टी, टीचभर रुंद. तिच्यावर टर्किश टॉवेलची पट्टी. टॉवेल पाणी चटकन घेतो पण लेकरू त्यावर बसलं, कुशीवर वळलं की दाबाने सोडूनही देतो. खालचं धोतर सावकाश घेतं आणि धरून ठेवतं. म्हणून टॉवेल वर, धोतर खाली. उलट केलं की गळतं, हे आम्ही चुकून चुकून शिकलो. मुलगा असेल तर पट्टीचं पुढचं टोक दुमडून पुढे जाड करायचं, मुलगी असेल तर मधे आणि जरा मागे. सगळ्यात वर, कातडीला लागून, नातवाच्या काकाचं जुनं क्रिकेटचं बनियन कापून एक पदर घातला. ते कृत्रिम धाग्याचं असतं, स्वतः पाणी ठेवत नाही, खाली सोडून देतं. त्यामुळे खालचं भिजलं तरी अंगाला ओल कमी लागते. ज्या धाग्याला मी एवढी नावं ठेवली, त्यालाही शेवटी जागा मिळाली. मांडीशी घडी घट्ट बसवायची, मात्र करकचून नाही. बोट आत गेलं पाहिजे.

बाहेरून गळू नये म्हणून पूर्वी रबराच्या, पुढे प्लास्टिकच्या चड्ड्या आल्या. १९४६ साली अमेरिकेत मॅरियन डोनोव्हन नावाच्या एका बाईने न्हाणीघराचा पडदा कापून शिवणयंत्रावर पहिली तसली चड्डी शिवली. कारखानदारांनी ती घ्यायला नकार दिला, तेव्हा तिने ती स्वतःच न्यूयॉर्कच्या एका मोठ्या दुकानात विकायला ठेवली, आणि १९५१ मध्ये तिला पेटंटही मिळालं. लेकरांची धुणी धुणाऱ्या बाईलाच ते सुचायचं! आता पातळ प्लास्टिकचा थर दिलेल्या कापडाच्या बटणाच्या चड्ड्या मिळतात. मुंबईच्या पल्लवी उटगी यांनी तर २०१६ साली अशा कापडी डायपरांचा धंदाच उभा केला. दिवसा बाहेर जाताना त्या सोयीच्या. पण भर उन्हाळ्यात रात्रभर नको, आत वाफ धरते. थंडीत आम्ही लोकरीची विणलेली चड्डी वरून घालतो. लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्शाइतका दमटपणा पोटात घेते आणि तरी हाताला कोरडी लागते. सासूबाईंचा पाळण्यातला घोंगडीचा तुकडा काही उगीच नव्हता.

धुण्याचं म्हणाल तर पाण्याचा प्रश्न मोठा, मला ठाऊक आहे. आपल्या भागात उन्हाळ्यात हंडाभर पाण्याचा हिशेब करावा लागतो. आम्ही भिजलेला लंगोट कोरड्या बादलीत टाकत नाही. तो तसाच दिवसभर पडला की लघवीतला युरिया सडून अमोनिया होतो, नाकाला झोंबतो ना तो, आणि तोच पुढे कातडीला चावतो. आधी साध्या पाण्यात एकदा खळबळून पिळायचा. ते पाणी मी लिंबाच्या आळ्यात ओतते; झाड बरं पोसलं आहे. शी असेल तर ती आधी संडासात. मग दिवसाचे सगळे एकदम धुवायचे. साबण थोडा, पाणी दोनदा. उन्हात उलटसुलट वाळवायचे. ऊन फुकट आहे आणि डागही तेच काढतं. पावसाळ्यात पूर्वी शेगडीवर टोपली पालथी घालून वर दुपटी पसरत. आम्ही घरात दोरी बांधतो, पंखा लावतो, आणि शेवटी इस्त्री. त्यासाठी पट्ट्या निराळ्या आणि बाहेरचं कापड निराळं ठेवावं. शिवून जाड केलेला लंगोट श्रावणात दोन-दोन दिवस वाळत नाही.

तर मग बाजारचे डायपर वाईट का? तसं मी म्हणणार नाही. एस.टी.ने खामगावला जायचं असेल, टँकर आला नसेल, घरात आजारपण असेल, तर आमच्याकडेही एखादा निघतो. त्यात सोडियम पॉलिअॅक्रिलेट नावाचे दाणे असतात, ते पाणी घेऊन जेलीसारखे फुगतात. तेवढं पाणी धरायला आपलं धोतर सात जन्म घेईल. पण तो वापरून झाल्यावर जातो कुठे, ते पाहा. आपल्या गावात नाल्यात पडतो, कुत्री ओढतात, पावसाने रस्त्यावर येतो. पुण्याला लेकीकडे गेले होते तेव्हा पाहिलं. तिथे 'स्वच्छ' या कचरावेचक बायकांच्या सहकारी संस्थेने घरोघर सांगितलं आहे, की असलं काही टाकताना कागदात गुंडाळा आणि वर लाल ठिपका काढा, म्हणजे कचरा हाताने वेगळा करणारीला कळेल आत काय आहे. २०१६ साली केंद्र सरकारने घनकचऱ्याचे नियम केले, त्यांतही गुंडाळून टाकायला सांगितलं होतं आणि त्यासाठी कारखानदारांनीच पुडकं द्यावं असं म्हटलं होतं. मी दुकानातली पाकिटं उघडून पाहिली, पुडकं काही दिसलं नाही. कागद तरी आपल्या घरात असतोच. जाळू मात्र नका.

इंग्लंडच्या सरकारच्या पर्यावरण खात्याने २०२३ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात कापडी लंगोटांनी हवेवरचा भार टाकाऊ डायपरांपेक्षा सुमारे २५ टक्क्यांनी कमी पडतो असं निघालं. त्यांच्याकडे यंत्रात धुतात, आणि पुष्कळ घरांत वाळवतातही यंत्रातच. आपल्याकडे हात आणि ऊन. हात कुणाचे, हा प्रश्न मात्र त्या अभ्यासात नाही. आमच्या घरी आता संध्याकाळचं खळबळणं माझा मुलगा करतो. पहिल्या दिवशी तो नाक मुरडत होता. आता दुकानातून आला की आपणहून मोरीत जातो. शेजारीण कुंपणावरून पाहते, पाहू दे.

एक राहिलं. मागे बसलेल्या पोरींना कुणी म्हणत असेल, 'दोन वर्षांचं झालं तरी अजून लंगोट?' तर ऐकून घेऊ नका. दिवसाचं सांगणं काही मुलं दीड वर्षात शिकतात, काही तीन वर्षांत. रात्रीचं तर आणखी उशिरा. पाच वर्षांपर्यंत अंथरूण ओलं झालं तर डॉक्टर त्याला आजार म्हणत नाहीत. रागावून, मारून, चटका देण्याची भीती घालून ते लवकर थांबत नाही. आमचा नातू आता अडीच वर्षांचा आहे. दिवसा शू करून झाली की पळत येऊन सांगतो, "आजी, झाली." आधी सांगायचं असतं, हे अजून त्याच्या ध्यानात येत नाही. रात्री तीच रचना चालू आहे. बदलणं तीनदाचं एकदावर आलं आहे, कधी कधी सकाळपर्यंत निभतं. सूनबाई झोपते. पाण्याचा तांब्या त्याच्या उशाशी असतो, आणि तो भरून ठेवायचं काम मी माझ्याकडे घेतलं आहे.

लंगोटाचा एक पूर्ण जोड आणि कागदावर कापलेला बेत मी आज पिशवीतून आणला आहे. चहाच्या वेळी मागच्या टेबलावर ठेवते. ज्यांना हवा त्यांनी कागद लावून उतरून घ्यावा. परातही आणली आहे, कुणाला आपलं दुपटं तपासायचं असेल तर. जोड मात्र आठवणीने परत द्या, धाकटीकडे पौषात लागणार आहेत.